पोतदारांचा कान आणि अमेरिकन चवल्या

माझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं, हे त्यांना सोडून जर्मनीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. पार्सलवाल्याला माहीत होतं, कारण बेल दाबून दाबून तो कंटाळायचा आणि आमची सगळी पार्सलं तळमजल्यावर फ्राऊ केसलरकडे टाकून जायचा. आमच्या कुकरलाही माहीत असावं. "बाबा, तीन शिट्ट्या झाल्या की शेगडी बंद करा हं," असं सांगून मी आतल्या खोलीत मीटिंगला बसले, की वरणाचा कोळसा ठरलेला. धूर बघून मी धावत यायची, तर बाबा खुर्चीत शांत बसलेले असायचे. "एकच तर झाली. तुमचा जर्मन कुकर लई मिळमिळीत हाय," असं वर मलाच ऐकवायचे. कुकर तुळशीबागेतून आणलेला होता.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नाकावर राग असतो आणि तो उतरायलाही वेळ लागत नाही. चारुदत्त, म्हणजे माझा नवरा, बापासारखाच थंड. त्याने बाबांसाठी कानाच्या डॉक्टरांचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दोनदा घेतला. पहिल्या वेळी बाबांच्या नेमकं पोटात दुखलं. दुसऱ्या वेळी ते सकाळी फिरायला गेले ते टर्मिनची वेळ टळल्यावरच घरी आले. मी चिडून बोलले, तर म्हणाले, "मैथिली, अगं एक्केचाळीस वर्षं मी कानावर भाकरी खाल्ली. माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

ते खोटं नव्हतं, म्हणून तर पंचाईत होती. श्यामकांत पोतदार मूळचे हुपरीचे. कोल्हापूरजवळचं हे गाव चांदीचं. घराघरात पैंजण, जोडवी, करदोटे घडवतात. बाबा चौदाव्या वर्षी भट्टीपाशी कोळसे सारायला लागले आणि पंचविशीत एका मोठ्या पेढीचे पारखी झाले. लोक जुने दागिने मोडीत घालायला आणायचे. ती चांदी किती टंच, म्हणजे शंभर भागांत चांदीचे भाग किती, हे बाबांनी सांगायचं आणि त्यावर भाव ठरायचा. दगडी फरशीवर वस्तू टाकायची, डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायची आणि आकडा सांगायचा, एवढंच त्यांचं काम. पुढे पेढीवर टंच काढायचं मशीन आलं, तरी मालक आधी पोतदारांना विचारायचे आणि मग मशीन लावायचे. मशीन नीट चालतंय ना, ते कळावं म्हणून.

सासूबाई गेल्या, तेव्हा चारुदत्त जाऊन बाबांना हायडेलबर्गला घेऊन आला. पहिले चार महिने ते बाल्कनीत बसून ट्राम मोजायचे. दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर, चारुदत्त ऑफिसात आणि बाबा ट्राममागे. "आज तेवीस नंबरची उशिरा आली," असं संध्याकाळी मला सांगायचे. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. हुपरीत ज्याच्या शब्दावर किलोकिलोचे व्यवहार व्हायचे, तो माणूस इथे ट्रामवर लक्ष ठेवत बसला होता.

मग एका शनिवारी मी त्यांना फ्लोमार्क्टला घेऊन गेले. जुन्या बाजाराला इथे तेच म्हणतात. हायडेलबर्गला अमेरिकन सैन्याचा तळ होता, युद्ध संपलं तेव्हापासून दोन हजार तेरापर्यंत. सैनिक गेले, पण त्यांची चिल्लर गावातच राहिली. जुन्या बाजारात कपबश्या नि पोस्टकार्डांच्या शेजारी कुणाच्या तरी माळ्यावरून आलेली अमेरिकन नाणी हमखास असतात. एका टेबलावर पत्र्याचं ताट भरून नाणी होती आणि पाटी होती, 'कुठलंही घ्या, दोन युरो'. बाबांनी एक उचललं, टेबलाशेजारच्या दगडी कठड्यावर टाकलं आणि त्यांची मान डावीकडे कलली. किती दिवसांनी मी ते बघत होते.

"नव्वद," ते म्हणाले. दुसरं टाकलं. "बद. तांबं हाय पोटात." तिसरं, चौथं. मी मोबाइल काढून शोधायला लागले. दहा सेंट, पंचवीस सेंट, अर्धा डॉलर, या तिन्ही नाण्यांवर एकोणीसशे चौसष्ट किंवा त्याआधीचं साल असेल तर त्यात नव्वद टक्के चांदी. पासष्टपासून चांदी काढली आणि तांब्याच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी निकेलमिश्रित पत्रा चढवला. नाणं उभं धरलं की कडेला तांबूस रेघ दिसते, ती त्याचीच. मी वाचत होते आणि बाबांनी वेगळी काढलेली नाणी बघत होते. एकूण एक चौसष्टच्या आतली.

मग त्यांनी एक अर्धा डॉलर टाकला आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा टाकला. "हे वंगाळ बेणं हाय. चांदी हाय पण पुरती न्हाई. चाळीसभर असंल." नाण्यावर साल होतं अडुसष्ट. मी म्हटलं, आता चुकले. तर खाली लिहिलेलं, पासष्ट ते सत्तर या काळात फक्त अर्ध्या डॉलरमध्ये चांदी ठेवली होती, चाळीस टक्के. माझा मोबाइल हातातून पडायचाच बाकी होता.

"बाबा, तुम्हाला एवढा खटाटोप करायची गरजच नाही. साल वाचलं की झालं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवळात चपला घालून गेले. "छाप वाचणारा पारखी नसतो, पोरी. खोट्या राणीछाप रुपयावर काय राणी नसती व्हय? साल छापणारा छापतो. धातू तसा थापा मारत न्हाई." त्या दिवशी त्यांनी अकरा नाणी घेतली, सगळी मोठी. अर्ध्या डॉलरला ते अधेली म्हणायचे, पंचवीस सेंटला पावली आणि दहा सेंटच्या चिमुकल्या नाण्याला चवली. चवल्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

त्यानंतर बाबांचे शनिवार ठरून गेले. टेबलवाले त्यांना ओळखायला लागले. 'सिल्बर-ओपा', म्हणजे चांदीवाले आजोबा, असं नाव पडलं. जर्मन येत नाही, इंग्रजी मोजकं, तरी त्यांचं काही अडलं नाही. बाबा नाणं टाकायचे, चांदी असेल तर मान हलवायचे, नसेल तर तोंड कडू करायचे. घरात ट्राम मोजणं बंद झालं. पोळी एक जास्त जायला लागली.

आता फ्राऊ केसलर. वय एकोणऐंशी, कणा ताठ, केस कानावरून फुगवून बांधलेले आणि आवाज असा खणखणीत की तळमजल्यावर बोलल्या तर आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळायचं. पार्सलं आणायला जाता जाता बाबांची त्यांच्याशी गट्टी जमली. त्या जर्मनमध्ये बोलायच्या, बाबा मराठीत. त्या आलुबुखाराचा केक द्यायच्या, बाबा चिवड्याचा डबा न्यायचे. एकदा मी जिन्यात उभी राहून ऐकलं. त्या सांगत होत्या की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कचरा चुकीच्या डब्यात टाकतो. बाबा म्हणत होते, "व्हय व्हय, यंदा आमच्याकडंबी पाऊस लई झाला." दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका गुरुवारी त्या वर आल्या त्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. आत अमेरिकन नाणी, पासष्ट. त्रेसष्ट साली अठरा वर्षांच्या असताना त्या अमेरिकन तळावरच्या कँटीनमध्ये वाढायचं काम करायला लागल्या. सैनिक जाताना टेबलावर चिल्लर ठेवून जायचे. पगार आईच्या हातात द्यावा लागायचा, ही चिल्लर मात्र त्यांची स्वतःची. साठ वर्षं ती त्यांनी जपली. आता त्यांच्या नातीला मुलगी झाली होती आणि सप्टेंबरअखेर तिची टाउफ, म्हणजे चर्चमधलं बारसं. इकडे बाळाला त्या दिवशी चांदीचा पेला द्यायची रीत आहे. फ्राऊ केसलरना तो दुकानातला नको होता.

"आल्झो, हेर पोतदार," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "यांना सांग, पणतीनं माझ्या पहिल्या कमाईतून प्यायला पाहिजे. सोनार म्हणतो की चांदीची तेवढी वेगळी करून आणा, वितळवून देतो. बाकीची मी चर्चच्या दानपेटीत टाकीन. त्या दुकानातल्या पोरांवर माझा विश्वास नाही. यांच्यावर आहे."

मी ते मराठीत सांगितलं. बाबा उठले, हातपाय धुऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी उभे राहिले. मी मदतीला म्हणून एक नाणं उचलून साल वाचायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तासाभरात काम झालं. चांदीच्या ढिगात पाच अधेल्या नि एकवीस पावल्या. दोन अधेल्या चाळीस टंचाच्या, त्या निराळ्या. बाकीची सदतीस नाणी बद. फ्राऊ केसलरनी दोन ढिगांच्या दोन कापडी पिशव्या भरल्या, चाळीसवाल्या दोन अधेल्या डब्यातच ठेवल्या आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. बाबांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी पटकन फोटो काढून घेतला. ते मागे आणि पुढे ओट्यावर दोन ढीग.

दुसऱ्या दिवशी त्या सोनाराकडून परत आल्या त्या जरा मलूल. चांदीच्या पिशवीचं वजन एकशे त्र्याण्णव ग्रॅम भरलं. पेल्याला किमान दोनशे वीस लागतं म्हणे. विकतची चांदी मिसळू का, असं सोनाराने विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या. "असो, मग चमचा करू. चमचासुद्धा चांगला," त्या मला म्हणाल्या आणि लगेच हवापाण्यावर बोलायला लागल्या. मी हे बाबांना सांगितलं. "लई वाईट झालं. पण नसलेली चांदी मी कुठनं आणू?" म्हणाले आणि जेवण अर्धवट टाकून उठले.

शनिवारी सकाळी बाबा तुर्की दुकानातून कोथिंबीर आणायला गेले होते. मी तो फोटो हुपरीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला घेतला. सगळ्यांना दिसावा म्हणून मोठा करून बघत होते. आधी बाबांचा चेहरा बघितला. मग ढीग. बदच्या ढिगात वर एक चवली होती आणि तिच्यावरचं साल स्पष्ट दिसत होतं, छप्पन. मी शेजारची बघितली. अठ्ठेचाळीस. तिच्या शेजारची, एकसष्ट.

मला आधी वाटलं, एखाददुसरी हातून निसटली असेल. मग लक्षात आलं की डब्यातल्या सगळ्या चवल्या त्याच ढिगात आहेत. तेवीसच्या तेवीस. एकही चांदीची निघाली नव्हती.

मी तशीच खाली गेले. दानाची पिशवी रविवारी चर्चला न्यायची म्हणून फ्राऊ केसलरनी दाराच्या मुठीलाच अडकवून ठेवली होती. "फोटो नीट आला नाही, पुन्हा काढते," असं खोटं सांगून ती वर आणली. केकसाठी ठेवलेला छोटा काटा काढला. छप्पन, अठ्ठेचाळीस वगैरे दहा चवल्या ठेवल्या तर पंचवीस ग्रॅम. चांदीच्या असतील तर तेवढंच भरायला पाहिजे. तांब्याच्या पोटाच्या असत्या तर जेमतेम पावणेतेवीस भरल्या असत्या. एकेकीची कड उजेडात धरून बघितली. तांबूस रेघ नाही. एकोणीस चवल्या चांदीच्या निघाल्या, चारच बद.

मी बाल्कनीत चारुदत्तला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो कुंडीतली माती उकरत होता. ऐकून त्याने हाताची माती झटकली.

"त्यांना सांगू नकोस," तो म्हणाला. "गुपचूप त्या एकोणीस चांदीच्या पिशवीत टाक. फ्राऊ केसलरना सांग, बाबांनी परत तपासलं. अगं, तेवढंच उरलंय त्यांच्याकडे. आई गेली, गाव सुटलं. कान गेला असं कळलं तर हा माणूस परत ट्राम मोजत बसेल."

मला पटलं. खरं सांगते, पटलं. मी स्वयंपाकघरात येऊन चवल्या निवडायला लागले. निवडता निवडता एक बोटांतून सुटली आणि ओट्यावर पडली. किती गोड वाजली ती. बारीक, लांब आणि इतकी वरच्या पट्टीतली की खोलीत कुणीतरी हळूच घंटा हलवल्यासारखं वाटलं. मी वर बघितलं, तर बाबा दारात उभे होते. दोन हातांवर. पाठमोरे, चपला काढत. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्यांना ती ऐकूच आली नव्हती. पावल्या, अधेल्या जाड आवाजाच्या, त्या त्यांच्या कानापर्यंत पोचत होत्या. बारीक आवाजाच्या चवल्या नुसत्या टक् करून पडत होत्या. कुकरच्या शिट्टीचं, बेलचं जे झालं होतं, तेच इथे झालं होतं.

मग ते वळले आणि त्यांना काटा दिसला.

पारख्याने निवडलेला माल त्याच्या मागे कुणी तोलणं, याच्याइतका त्यांच्या धंद्यात दुसरा अपमान नाही. ते मला चारुदत्तने लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. बाबांनी कोथिंबिरीची पिशवी खाली ठेवली. "माझ्या मागनं टंच काढतीस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

मला कायकाय सुचायला पाहिजे होतं. केक करत होते म्हणायला हवं होतं. पण आधी ततपप झालं आणि मग माझा स्वभाव आडवा आला. "हो, काढतेय," मी म्हटलं. "कारण तुम्ही डॉक्टरकडे जात नाही. कारण तुम्ही साल वाचत नाही. त्या बाईच्या पेल्याचा चमचा झाला, बाबा, आणि तिची चांदी उद्या दानपेटीत जाणार होती." आणि मी ती चवली उचलून त्यांच्यासमोर ओट्यावर टाकली. "ऐकू आलं?"

"काय ऐकू यायचंय? बद हाय ती."

मी पुन्हा टाकली. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. माणसं वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार, जन्म गेला होता गिऱ्हाइकांची तोंडं बघण्यात. ते पुढे आले, चवली घेतली, ओट्यावर अगदी कान टेकवला आणि स्वतः टाकली. एकदा, दोनदा, पाचदा. मग खुर्ची ओढून बसले.

"तुला कशी वाजली?" त्यांनी विचारलं.

"बारीक. खूप वेळ. घंटीसारखी," मी म्हटलं. माझा राग कुठल्या कुठे पळाला होता आणि मला रडू यायला लागलं होतं.

"मग नव्वदच," ते म्हणाले. मग म्हणाले, "कधीपासनं गं हे?"

"कुकरपासून, बाबा."

ते मान खाली घालून हसले, अगदी थोडं. चारुदत्त दारात येऊन उभा होता. त्याला काही बोलायचं होतं, पण बाबा उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. चारुदत्तने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "काही बोलू नकोस, नाहीतर मी तुझ्यावर ओरडेन." आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो. पाऊण तास गेला. चहा केला, तो निवला.

दार उघडलं तर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून. "मैथिली, चल खाली. मला भाषा येत न्हाई, तू सांग."

"बाबा, मी जाऊन सांगते ना. तुम्ही कशाला?"

"आमच्या पेढीवर पद्धत होती. पारखी चुकला तर त्यानं स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. गडी पाठवायचा न्हाई, चिठ्ठी पाठवायची न्हाई. एक्केचाळीस वर्षांत मला जायला लागलं न्हाई. आता लागलं."

मी निवडलेल्या चवल्या आणि दानाची पिशवी घेऊन निघाले. तीन मजले उतरताना त्यांनी कठडा धरला होता, एरवी धरत नाहीत. फ्राऊ केसलरनी दार उघडलं, टोपी बघून जरा चपापल्या आणि आत बोलावलं. बाबा आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी दोन्ही पिशव्यांतला फरक, चवल्या, सगळं नीट क्रमाने सांगितलं. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये करत गेले. शेवटी ते म्हणाले, "त्यांना सांग, नाणी खोटी न्हाईत. माझा कान खोटा झालाय. तुमचा पेला माझ्यामुळं चमचा झाला असता. मला माफी द्या." शेवटचं वाक्य मला दोनदा बोलावं लागलं.

फ्राऊ केसलर ऐकून घेत होत्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी आपले फुगवलेले केस वर उचलले. दोन्ही कानांमागे करड्या रंगाची, शेंगदाण्याएवढी श्रवणयंत्रं होती.

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "यांना ऐकू येत नाही, हे मला पहिल्या पार्सललाच कळलं. म्हणून तर मी एवढी ओरडते. तुला काय वाटलं, माझा आवाजच असा आहे?"

मला तसंच वाटलं होतं. मी बाबांना सांगितलं. बाबा त्यांच्या कानांकडे बघत राहिले. "मग बोलल्या का न्हाईत कधी?" त्यांनी विचारलं.

"कारण माझ्या मुलीनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिच्याशी तीन महिने बोलले नव्हते. मला शेजारी गमवायचा नव्हता," फ्राऊ केसलर म्हणाल्या. मग त्या आतून चांदीची पिशवी घेऊन आल्या, माझ्या हातातली दानाची पिशवी नि निवडलेल्या चवल्या काढून घेतल्या आणि सगळं बिस्किटांच्या त्या डब्यात ओतून खळखळ हलवलं. पासष्ट नाणी पुन्हा एकत्र झाली. मी कळवळून म्हटलं की अहो, मी सालं बघून निवडली होती, काटा लावला होता, आता सगळं बरोबर होतं.

"गेनाऊ, अगदी तेच," त्या म्हणाल्या. "सालं मलाही वाचता येतात. पण हे काम मी यांना सांगितलं होतं. हेर पोतदारांनी आधी कान तपासून घ्यायचे आणि मग हे पुन्हा करायचं. सोनाराला मी थांबवते. टाउफ सप्टेंबरअखेर आहे, बाळ कुठे पळून जात नाही."

बाबांनी विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मग उंबरा ओलांडून आत गेले. केक मागून खाल्ला.

कानाच्या डॉक्टरांच्या टर्मिनला यावेळी फ्राऊ केसलर स्वतः ट्राममध्ये त्यांच्या शेजारी बसून गेल्या. पोटात दुखायला वावच नव्हता. तपासणीचा कागद डॉक्टरांनी मला दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे ठीक होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, घसरगुंडीवरून उतरल्यासारखी खाली गेलेली. यंत्रं मिळायला तीन आठवडे गेले. लावल्यावर पहिल्या दिवशी बाबांनी आम्हाला भंडावून सोडलं. फ्रिज घुमतो, ते म्हणाले. वर्तमानपत्र कुरकुरतं. चारुदत्त जेवताना मचमच करतो, हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही. "ह्या जर्मनीत एवढा आवाज होता व्हय? मला वाटलं, शिस्तीची माणसं," असं म्हणत ते घरभर फिरत होते. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ते खुर्चीतून उडाले. त्या दिवशी वरण उत्तम झालं.

रविवारी सकाळी फ्राऊ केसलर डबा घेऊन वर आल्या. बाबा हातपाय धुऊन ओट्यापाशी उभे राहिले. मी लांब बसले होते, मोबाइल पालथा घालून. अधेल्या झाल्या. पावल्या भराभर झाल्या, पहिल्यासारख्याच, एकही इकडची तिकडे गेली नाही. मग फक्त चवल्या उरल्या. बाबांनी पहिली उचलली. फ्राऊ केसलरनी श्वास रोखलेला मला दिसत होता आणि माझंही तेच चाललं होतं. चारुदत्त तर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

चवली पडली. बाबांची मान डावीकडे कलली. आवाज विरला, तरी ते तसेच डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी तीच पुन्हा टाकली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा उचलली, तेव्हा मला राहवेना. यंत्राने काम केलं नसेल तर काय, हे मी तीन आठवडे मनात दाबून ठेवलं होतं.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "कळत नाहीये का?"

"कवाच कळली," ते डोळे न उघडता म्हणाले. "नव्वद हाय. पण जरा ऐकू दे की."